भुयारात अडकलेल्या एकट्या सैनिकाची शॉर्ट फिल्म: एका साउंडवाल्याचं लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वीसेक मिनिटांची शॉर्ट फिल्म करायची आहे, पहिलं महायुद्ध, १९१७ साल, बेल्जियममधलं मेसिन्स, साताऱ्याकडचा एक मराठा सैनिक भुयारात एकटा अडकतो, वर तोफा चालू आणि बाहेर पडायला वाट नाही. फिल्मभर एकच ॲक्टर, बजेट बेताचं. विचारलंय असं की एकटा माणूस प्रेक्षकाला इतका वेळ कसा धरून ठेवणार, आणि साउंडचं सगळं शूटनंतर पोस्टमध्ये, म्हणजे एडिटिंग-मिक्सच्या टप्प्यात, निवांत बघितलं तर चालेल का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नाही चालणार. आणि पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. मी गेली बरीच वर्षं मराठी सिनेमात साउंडचं काम करतोय, लोकेशनवरचं पण आणि फायनल मिक्सपर्यंतचं पण, त्यामुळे मी साउंडचीच बाजू घेणार हे धरून चाल, पण इथे खरंच तसं आहे. भुयारात अडकलेल्या माणसाला दिसत काहीच नाही. त्याच्याकडे करण्यासारखं एकच काम उरतं, ऐकणं. म्हणजे तो काय ऐकतो, त्याचा काय अर्थ लावतो आणि तो अर्थ कुठे चुकतो, हीच तुझी स्टोरी. हे स्क्रिप्टमध्येच लिहिलेलं नसेल तर पोस्टमध्ये मी काय, कुणीच आणून देऊ शकणार नाही.

पण त्याआधी एक इतिहासाची दुरुस्ती, कारण तिच्यामुळे तुझी फिल्म उलट सोपी होईल. मेसिन्सची लढाई ७ जून १९१७ ला झाली, पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी १९ सुरुंग जवळजवळ एकदमच उडवले, ते फेमस आहे म्हणून सगळे तिकडेच जातात. पण भारतीय पायदळ १९१५ च्या शेवटी फ्रान्समधून हलवलं होतं, मेसोपोटेमियाकडे. नंतर तिकडे आपले घोडदळवाले राहिले, लेबर कोअरचे लोक गेले, पण मेसिन्सखालची भुयारं ब्रिटिश, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन टनेलिंग कंपन्यांनी, म्हणजे भुयारं खणणाऱ्या सैन्याच्या तुकड्यांनी, खणली. तिथे तुझा सातारकर बसत नाही. तो जिथे फिट बसतो ती जागा म्हणजे डिसेंबर १९१४, फ्रान्समधलं जिवांशी आणि फेस्तुबेर. २० डिसेंबर १९१४ ला सकाळी जर्मनांनी तिथे लाहोर डिव्हिजनमधल्या सरहिंद ब्रिगेडच्या खंदकांखाली दहा छोटे सुरुंग एकदम उडवले आणि मागोमाग हल्ला केला. पश्चिम आघाडीवरचं जमिनीखालचं युद्ध खऱ्या अर्थाने पेटलं ते तिथून, त्याच्यानंतर १९१५ च्या फेब्रुवारीत ब्रिटिशांनी टनेलिंग कंपन्या काढल्या. म्हणजे या युद्धाचा पहिला मोठा तडाखा बसला तो भारतीय सैन्याला, आणि हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहितीये.

आता त्याच लाहोर डिव्हिजनबरोबर खडकीच्या थर्ड सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे आजच्या बॉम्बे सॅपर्सच्या, २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या. सॅपर म्हणजे खंदक, भुयार, सुरुंग असली कामं करणारा सैनिक. २८ ऑक्टोबर १९१४ ला नव्ह शापेलला त्यांनी ४७ व्या शिखांबरोबर पायदळासारखा हल्ला केला आणि त्यात त्यांचे बहुतेक सगळे ब्रिटिश अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. तर डिसेंबरात उरलेल्या सॅपर्सपैकी एक मराठी माणूस जिवांशीच्या खंदकाखाली एक छोटं भुयार तपासायला उतरला आणि जवळच सुरुंग उडाला, ही कल्पित गोष्ट आहे पण इतिहासाला धरून आहे. शिवाय सुरुंग हा प्रकार आपल्याला नवा थोडाच आहे, चाकणच्या किल्ल्याचा बुरूज शाइस्ताखानाने १६६० मध्ये सुरुंगानेच उडवला होता, शाळेत असताना सगळ्यांनी वाचलंय. (आणि हो, स्क्रिप्टमध्ये शेवटी तो ‘जय हिंद’ म्हणतो ते काढ. १९१४ मध्ये सैन्यात असं कुणी म्हणत नव्हतं. तो नोकरीवर गेलेला माणूस आहे, त्याच्या डोक्यात पगार, पलटणीची अब्रू, घरची जमीन, पेन्शन असं काहीतरी चाललेलं असणार.)

१९१४ धरलं की अजून एक फायदा. नंतरच्या काळात टनेलवाल्यांकडे जिओफोन आला, दोन लाकडी चकत्या, आत पारा आणि अभ्रकाच्या पट्ट्या, त्यांना डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारख्या नळ्या, एक चकती एका कानाची, दुसरी दुसऱ्या कानाची. दोन्ही चकत्या जमिनीवर सरकवत जायच्या, आवाज दोन्ही कानांत सारखा आला की दिशा कळली, मग होकायंत्राने ती मोजायची. तुझ्या माणसाकडे हे काहीच नाही. त्याला कान भिंतीला लावायचाय, किंवा पाण्याच्या डब्यात पाणी थरथरतंय का बघायचं, किंवा काठीचं एक टोक मातीत खुपसून दुसरं दातात धरायचं. ही काठीची ट्रिक त्या काळात खरंच वापरायचे आणि तुझ्या फिल्मचा सगळ्यात मोठा साउंड इफेक्ट हाच आहे. काठी दातात धरली की आवाज हाडातून कवटीत जातो, हवेतून नाही. पोत सगळाच बदलतो, सगळं जवळ, जाड आणि डोक्याच्या आत वाटतं.

हे करायला पैसे लागत नाहीत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत पिएझो डिस्क मिळतात, म्हणजे वस्तूची थरथर पकडून तिचा सिग्नल करणाऱ्या छोट्या चकत्या, अगदी स्वस्त. एक डिस्क खऱ्या काठीला किंवा सागाच्या फळीला चिकटव, फळीचं दुसरं टोक ओल्या मातीत पुर, आणि दहा-पंधरा फुटांवर कुणालातरी कुदळीने खणायला लाव. फक्त डिस्क डायरेक्ट रेकॉर्डरच्या माइक इनपुटला लावू नकोस, आवाज पत्र्याच्या डब्यासारखा पातळ येतो, कारण पिएझोला हाय इम्पीडन्स इनपुट लागतो, गिटारवाल्या मित्राचा ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (असा सिग्नल रेकॉर्डरला चालेल असा करून देणारी डबी) मागून आण, काम झालं. असा रेकॉर्ड केलेला खणण्याचा आवाज कुठल्याही लायब्ररीत मिळणार नाही, आणि एकदा ॲक्टरला हेडफोनवर तो ऐकवलास की त्याला वेगळं काही समजावायला लागत नाही, चेहरा आपोआप बदलतो. म्हणून म्हणतोय शूटच्या आधी रेकॉर्ड कर. सेटवर त्याच्या कानात तो आवाज वाजव आणि मग कॅमेरा रोल कर.

आता तो खणण्याचा आवाज म्हणजे नक्की काय, इथे थोडा वेळ थांबतो कारण सगळा ड्रामा यात आहे. भुयारात ऐकायला बसणाऱ्या लोकांचा एक हिशोब असायचा. समोरचा शत्रू खणतोय तोवर घाबरण्यासारखं काही नाही, खणतोय म्हणजे अजून पोचला नाही. खणणं थांबलं आणि काहीतरी ओढल्याचे, पोती रचल्याचे आवाज आले की समजायचं दारू भरून झाली आणि मागून भुयार बुजवतायत, म्हणजे स्फोटाचा जोर परत त्यांच्याच अंगावर येऊ नये. आणि त्यानंतर शांतता झाली तर मग पळायचं. म्हणजे आवाज म्हणजे जीव आणि शांतता म्हणजे मरण, बरोबर उलटं. प्रेक्षकाला हे पहिल्या चार मिनिटांत कळलं पाहिजे, एखादा सोबती जिवंत असताना बोलता बोलता सांगून जाऊ दे, नुसता आवाज ठेव, म्हणजे पडद्यावर ॲक्टर एकच राहतो. त्याच्यानंतर अडकलेल्या माणसाला खणण्याचा आवाज येतो, तो आपल्या माणसांचा की जर्मनांचा हे त्याला माहीत नाही, आणि मग तो थांबतो. तिथे तुला एकही डायलॉग लागणार नाही.

२०१० ची बरीड सगळ्यांनी बघितलीय, इराकमध्ये पेटीत पुरलेला ट्रक ड्रायव्हर, दीड तास एकच ॲक्टर पडद्यावर. ती का चालते, तर त्याच्याकडे मोबाइल आहे. पलीकडे सतत कोणीतरी आहे, होल्डवर ठेवणारा, खोटं बोलणारा, धीर देणारा. एकटा माणूस पडद्यावर एकटा चालतच नाही, त्याला पलीकडे कोणीतरी लागतंच. तुझ्या माणसाचा फोन म्हणजे ती माती आहे. त्याने ठोकलं तर उत्तर आलं पाहिजे, किंवा उत्तरासारखं काहीतरी. तीनदा ठोकलं, बराच वेळ काही नाही, मग लांबून दोनदा. दोनदाच का? तिसरा ऐकू आला नाही की ते उत्तरच नव्हतं, लाकूड कुरकुरलं? यावर पाच मिनिटं आरामात निघतात.

खऱ्या घटनांमधली सगळ्यात मोठी घटना बघितलीस तर तिथेही तेच दिसतं. विल्यम हॅकेट, वय ४३, मूळचा कोळसा खाणीतला कामगार, २५४ व्या टनेलिंग कंपनीत. जून १९१६, परत तेच जिवांशी. जर्मन सुरुंगामुळे भुयार कोसळलं, पाच जण आत अडकले. वीस तासांनी ढिगाऱ्यातून भोक पडलं, हॅकेटने तिघांना बाहेर काढलं, स्वतः निघू शकत होता पण चौथा गंभीर जखमी होता आणि त्याला हलवता येईना, म्हणून हा त्याच्यापाशी थांबला. भोक परत बुजत गेलं आणि शेवटी भुयार बसलं. वरून चार दिवस खणत होते, पोचता आलं नाही, दोघे अजून तिथेच आहेत. हॅकेटला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. तुझ्या स्क्रिप्टला यातून घ्यायचं ते शौर्य नव्हे, त्याला बाहेर जायची वाट असते हे घे. वाट बंद असलेल्या माणसाला निर्णयच घ्यायचा नसतो, मग तो नुसता सहन करत राहतो आणि आठव्या मिनिटाला प्रेक्षक मोबाइल काढतो.

आता हवा. सगळ्या भुयारी फिल्ममध्ये लोक इथे घोळ घालतात. समजा साडेचार फूट उंच, अडीच फूट रुंद आणि पंधराएक फूट लांब असा तुकडा दोन्हीकडून बुजलाय. साधारण पावणेपाच घनमीटर, म्हणजे चार हजार सातशे-आठशे लिटर हवा. स्वस्थ पडलेला माणूस मिनिटाला पाव लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. ऑक्सिजन संपून माणूस मरेल असं सगळ्यांना वाटतं, पण त्याच्या आधी कार्बन डायऑक्साइड त्याला गाठतो. तीन टक्क्यांच्या पुढे डोकं दुखतं, श्वास खोल होतो, पाच टक्क्यांना माणूस धापा टाकायला लागतो. वरच्या हिशोबाने स्वस्थ पडून राहिला तर तिथे पोचायला सोळाएक तास, माती थोडी हवा झिरपू देते म्हणून थोडं मागेपुढे. खणायला लागला तर हेच तास काही पटींनी कमी. आणि मेणबत्ती! एक मेणबत्ती साधारण एका स्वस्थ माणसाइतकी हवा खाते. म्हणजे तुझा हिरो मेणबत्ती लावून बायकोचं पत्र वाचतो तेव्हा आत दोन माणसं श्वास घेतायत. हे त्याला माहीत असलं पाहिजे, तो सॅपर आहे. उजेड की वेळ, हा निर्णय त्याला वारंवार घ्यायला लाव, डीओपीला, म्हणजे कॅमेरावाल्याला, पण अंधार करायला कारण मिळतं.

पण स्फोटाचा धूर आत शिरला असेल तर गोष्टच वेगळी. तिथे मारतो तो कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना वास, ना रंग. त्याच्यासाठीच पुढे टनेलवाले पिंजऱ्यात कॅनरी पक्षी आणि उंदीर ठेवायचे. आणि साउंडवाल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे या दोन मरणांचे आवाज वेगवेगळे आहेत. कार्बन डायऑक्साइडने माणसाचा श्वास वाढतो, तो हवेसाठी तडफडतो. मोनॉक्साइडने धाप लागत नाही, डोकं जड होतं, हातपाय ढिले पडतात, गुंगी येते आणि माणूस झोपतो. धापा टाकत मोनॉक्साइडने मरणारा हिरो मी पडद्यावर बघितलाय आणि चडफडलोय. तुला कुठला पाहिजे ते आधी ठरव, कारण वीस मिनिटांचा श्वासाचा ग्राफ त्यावर ठरतो. मी तुझ्या जागी असतो तर पहिला घेतला असता, म्हणजे फिल्म सुरू होताना श्वास ऐकूच येत नाही, मग हळूहळू तो सगळ्या आवाजांवर चढत जातो, आणि शेवटी स्वतःच्या श्वासामुळे त्याला बाहेरचं खणणं ऐकू येत नाही. ऐकायचं असेल तर श्वास रोखावा लागेल, आणि तो तर आता रोखता येत नाही. क्लायमॅक्स म्हणून हा पुरेसा आहे, वर परत स्फोट बिफोट नको.

श्वास लोकेशनवर मिळतो तसा घे, पण चांगला श्वास डबिंगलाच मिळेल. मात्र ॲक्टरला स्टुडिओत माइकपुढे उभं करू नको. जमिनीवर झोपव, सीनमध्ये ज्या कुशीवर आहे त्याच कुशीवर, मान वाकडी असेल तर तशीच वाकडी, छातीवर दहा-बारा किलोची वाळूची पिशवी ठेव. उभ्या माणसाचा श्वास आणि दबलेल्या माणसाचा श्वास यातला फरक प्रेक्षकाला सांगता येणार नाही, पण पटत नाहीये हे त्याला लगेच कळतं. सलग टेक घेऊ नको, जोरजोरात श्वास घेऊन चक्कर येते.

सेटबद्दल. कृपा करून कुणाच्या शेतात खरा खड्डा खणून त्यात ॲक्टर घालू नका, जेसीबी फुकट मिळतोय म्हणून तर अजिबात नको. एक घनमीटर ओली माती दीड-दोन टनांची असते, कमरेपर्यंत जरी अंगावर आली तरी माणूस ओढून निघत नाही. सेट जमिनीवर बांध, एक बाजू उघडता येईल अशी. फक्त आर्टवाल्यांना पहिल्या दिवशीच सांग की प्लायच्या मागे पोकळी ठेवायची नाही. बाहेरून माती थापलेला प्लाय दिसतो छान, पण ॲक्टरचं कोपर लागलं की ढब्ब वाजतो आणि सगळा सीन नाटकाचा सेट होऊन जातो. मागे भुशाची नाहीतर वाळूची पोती ठासून भरायची, खाली खरी माती चार-सहा इंच. यात जो खर्च होईल तो फोलीमध्ये, म्हणजे नंतर स्टुडिओत हालचालींचे आवाज करून घेण्यात, वाचेल.

आणि रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचं घुमणं. भुयार म्हटलं की एडिटर सगळ्यात आधी ‘केव्ह’चा, म्हणजे गुहेचा, तयार इफेक्ट टाकतो. ओल्या मातीच्या, लाकूड लावलेल्या अडीच फुटी भुयारात आवाज घुमत नाही रे. माती आवाज पिऊन टाकते. तोंडातून शब्द निघाला की तिथेच पडतो. घुमणारा आवाज म्हणजे मोकळी जागा, आणि त्या माणसाकडे जागाच तर नाहीये. घुमू दे ते काँक्रीटच्या बंकरमध्ये, गटारात, खडूच्या दगडातल्या भुयारात. इथे कोरडा ठेव, अगदी अंगावर येईल इतका कोरडा.

वरच्या तोफा पण तशाच. जमिनीखाली गोळ्याची शिट्टी येत नाही, वरच्या फ्रिक्वेन्सी मातीत मरतात. उरतो फक्त दणका, तोही कानाला कमी आणि छातीला जास्त. आधी थोडी माती पडते, लाकूड कण्हतं आणि मग तो खालचा धक्का, असा क्रम लावून बघ, शिट्टी-धडाम पेक्षा कितीतरी भीती वाटते. तसंच खणताना खिळे ठोकणं दाखवू नको, शत्रू ऐकेल म्हणून सॅपर आवाज टाळणारच, बूट काढून किंवा पायाला पोती गुंडाळून वावरणारच.

स्फोटानंतर कानात कुईईई करून शिट्टी वाजवायची फॅशन आहे, ती मला नको झालीय. खरं काय होतं की वरच्या पट्टीचे आवाज जातात, सगळं पाण्याखालून आल्यासारखं येतं आणि हळूहळू परत येतं. हे वापर. पहिली दोन मिनिटं फक्त स्वतःच्या अंगातले आवाज, ठोके, गिळणं, दात. मग लाकडाचं कुरकुरणं. मग कुठेतरी थेंब. मग बऱ्याच वेळाने लांबचं खणणं. म्हणजे त्याचा कान बरा होतोय आणि त्याच वेळी बातमी वाईट होत चाललीय. अजून पुढे जायचं तर त्याचा एक कान कायमचा गेला असं कर. एका कानाने आवाज येतो, पण कुठून येतोय ते कळत नाही. मग तो कुठल्या बाजूला खणणार? पण इथे सांभाळून, एका बाजूचा स्पीकर एकदम बंद केलास तर प्रेक्षकाला वाटतं थिएटरची सिस्टिम गेली. आधी त्याला त्या कानात बोट घालताना दाखव, मग पुढच्या पंधरा-वीस सेकंदांत हळूहळू आवाज एका बाजूला सरकव.

म्युझिक मी ठेवलं नसतं. फेस्टिव्हलला पाठवायची म्हणून व्हायोलिन वगैरे घालायचा मोह होईल, प्रोड्युसर पण म्हणेल फारच सुनं वाटतंय. शेवटच्या टायटलला काय ते घाला.

शेवटचं, मिक्सबद्दल. तुझी फिल्म थिएटरात फार तर चार-पाचदा लागेल, बाकी सगळे फोनवर बघणार. फोनच्या स्पीकरमधून दोनशे हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही निघत नाही, म्हणजे आपण एवढ्या मेहनतीने केलेला जमिनीचा दणका फोनवर शून्य. म्हणून प्रत्येक दणक्याला वरचा एक थर लागतो, मातीचे खडे, फळीची कुरकुर, डब्यातल्या पाण्याची थरथर, म्हणजे खालचं गेलं तरी काहीतरी घडलं हे कळतं. मिक्स चालू असताना मोठ्या स्पीकरवर एकदा आणि साध्या फोनवर एकदा, दोन्ही ऐकायचं, आणि फोन हातात धरून ऐकायचं, टेबलावर ठेवून नाही, टेबलाचं लाकूड स्वतःचा बेस घालतं आणि फसवतं. मिक्सला निदान चार दिवस धर, दोन दिवसांत उरकतो म्हणणाऱ्याला देऊ नको. आणि पिएझोवाली रेकॉर्डिंग झाली की त्यातलं एखाद-दुसरं पाठव, लेव्हल बरोबर आहेत का बघून सांगतो.